खालच्या बांधीचं पाणी

दिन्याची माय,

मी त्याच बाकड्यावर बसलो आहो. तुले हे बाकडं माहीत नाही, तुले तर स्ट्रेचरवर सीधं आत नेलं होतं. लोखंडाचं आहे, थंडं आहे. समोर पिवळं दार, दारावर लाल दिवा; आपरेशनची अन् दम देणाऱ्या मशीनची, दोन्ही खोल्या त्याच दाराच्या आत. तवा आत तू होती. आज दिन्या आहे. सूनबाई पुष्पा नातीले घेऊन खाली औषधाच्या दुकानात गेली. जाताना मले म्हणे, "बाबा, इथून उठू नका बरं, नाव पुकारतील." मी कायचा उठतो.  भेव लागून राहिलं मले. तुले सांगायले काय लाज? बाकी कोणाले सांगता येत नाही, म्हणून तुलेच लिहून राहिलो.

तुझ्या तेरवीले आपल्या मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणे, काका, अंकात काकूवर दोन पानं द्या. जन्म कुठचा, शिक्षण किती, स्वभाव कसा. मी म्हटलं, शिक्षण नाही, स्वभाव भांडखोर. ते हासले. त्यायले वाटलं बुडा दुःखात बी मजाक करते. मी तर खरं सांगितलं होतं. तू सारा जलम भांडली माझ्याशी, अन् शेवटचं भांडण अर्ध्यावर टाकून गेली. आता हेच कागद देतो त्यायले. छापतील तर छापतील.

ते भांडण सुरू कुठं झालं, आठवते का? दवाखान्याच्या सरकारी कार्डाच्या कॅम्पात. रिसालीच्या शाळेत टेबल मांडले होते. तू लग्नाकार्याचं लुगडं नेसून आली, जसं काही फोटो देवघरात लावायचा आहे. मशीनवाला पोरगा म्हणे, "अम्मा, पल्लू थोड़ा पीछे लो." तू म्हटलं, "कायले? टक्कल पाह्यचं आहे का माझं?" त्या पोराले मराठी येत नव्हतं, पण मागची अख्खी लाईन हासली.

मी खूश होतो. मी इथल्या लोखंडाच्या प्लांटात राबलो खरा, पण ठेकेदाराचा माणूस. कोक ओव्हनचे, कोळसा भाजायच्या भट्टीचे दरवाजे घासून घासून छाती काळी झाली, तरी प्लांटाचा दवाखाना आपल्याले नव्हता. परमनंटवाल्यायच्या बायका औषधाच्या पिशव्या घेऊन निघत अन् आपण गेटापाशी उभे. म्हणून मी म्हटलं, "घे, आता आपल्याबी हातात आलं. तुले काहीबी झालं तरी सरकार पाहील."

तू कार्ड उलटंपालटं केलं अन् विचारलं, "घराले एकच?"

"रकम घराले एकच. वर्षाचं जेवढं तेवढं, सगळ्यायचं मिळून."

"म्हणजे तलाव," तू म्हटलं.

मी समजलो नाही. तू घरी येईपर्यंत बोलतच राहिली. तुझ्या माहेरचा तो मालगुजाराच्या काळचा तलाव, अन् त्याचं पाणी वाटायचं काम तुझ्या बापाकडं. धानाच्या वरच्या बांधीपासून, म्हणजे वरच्या वावरापासून, तर खालच्या बांधीपर्यंत, एकेकाची पाण्याची पाळी. ते मले लग्नापासून माहीत होतं. हे माहीत नव्हतं, की धान सुकाले लागलं की तुझा बाप स्वतः चिखलात उतरे, एक काडी उपटे अन् नखानं चिरून पाहे. आतून हिरवी निघाली तर पाणी देई, मालक कसाबी असो. आतून बी वाळली असली तर म्हणे, सोड गा आता खाली. अन् ज्याच्यासाठी सोडलं त्या खालच्यानं ते घेतलंच पाहिजे. मले नको, मले लाज वाटते, हे चालत नव्हतं. नाही घेतलं तर पाणी नाल्याले जाई, दोघायच्याबी बांध्या वाया गेल्या.

मी म्हटलं, "हे सरकारचं आहे. तुझ्या बापाचं नाही."

तू म्हटलं, "तलाव तरी कुठं माझ्या बापाचा होता? म्हणूनच तर जपून वाटे."

मी कार्ड खिशात टाकलं. पण मानलं नाही.

मले मानताच येत नव्हतं, कारण मी भट्टीवरचा माणूस. आमची बॅटरी, म्हणजे भट्ट्यायची रांग, एकदा पेटली की थंडी होऊ द्यायची नाही, मरेपर्यंत नाही. हरताळ असो, पूर असो, साहेब मरो, आग चालू. थंडी झाली की आतल्या विटा तडकतात, अन् मग कितीही जाळा, ती भट्टी पहिल्यासारखी होत नाही. ज्याच्या पाळीत आग खाली गेली त्याची इज्जत गेली. हे माझ्या हाडात बसलं होतं. म्हणून पहिल्या वेळेस तुझा दम अटकला, कोळशाच्या शिगडीनं खाल्लेली तुझी छाती एकदम बसली, अन् इथं आणल्यावर डॉक्टरनं विचारलं, "दादाजी, मशीन लगाना पड़ेगा, लगाएँ?", तवा मी विचार केला नाही. लावा म्हटलं. तू हातानं नको नको करून राहिली होती. पोटाकडं बोट दाखवून राहिली होती. मले वाटलं पोट दुखते. ते दिन्याच्या पोटाचं होतं. त्याच्या हर्नियाचं आपरेशन राहिलं होतं, अन् तुले भेव होतं की तू सारा तलाव पिऊन टाकशील.

पण तू वाचली. वाचली का नाही? नळी निघाली, आवाज घोगरा झाला, अन् पहिला शब्द काय बोलली तर, "बुड्या, मी काय भट्टी आहो का?" नर्सबाई हासून हासून लाल. तू घरी आली, नात जन्मली तवा तिले पहिले तूच न्हाऊ घातलं. दिवाळीले अनारसे केले, अर्धे फसले, फसलेले मले खाऊ घातले. म्या रोज तुले टोचलं, "काय वो, वाळलं धान कसं आहे?" तू म्हणे, "तवा हिरवं होतं, म्हणून चाललं. पुढच्या वेळेस माझी काडी चिरून पाहा. अन् वाळली असली तर घरी आणा. त्या खोलीत मले मरायचं नाही. तिथं कोण कोणाचं आहे ते समजत नाही."

मी म्हटलं, "हो."

मी हो म्हटलं ते तुझं तोंड बंद करायले. तुलेबी ते माहीत होतं.

एक गोष्ट तुले सांगायची राहिली. पहिल्या वेळेस तूच बरोबर होती असं मानलं असतं, तर ही नात तुझ्या मांडीवर आली नसती. म्हणून मले तुझ्या त्या तलावाचं भेव वाटते. तुझा बाप बांधीत उतरून पाहे. उद्या कोणी वर बसून ठरवलं, की बुड्यायले आता पाणी नाही, पोरायलेच द्या, तर? त्याच्या पायाले चिखल लागणार नाही, अन् त्याच्या नखाले काडी लागणार नाही. तू बुडीच होती पहिल्या वेळेस. हे तुले विचारायचं होतं. तू काही ना काही उत्तर दिलंच असतं, अन् मले ते पटलं नसतं.

दुसऱ्या वेळेस तुले विचारताच आलं नाही. तू आणतानाच बेहोश होती. मशीन लागली. मी अन् दिन्या, दोघायनंबी एकदमच हो म्हटलं. मग दिवस जाऊन राहिले. डॉक्टर भला माणूस होता, पोरगाच होता, दाढी नीट फुटली नव्हती. त्यानं आम्हाले खुर्चीवर बसवलं अन् सांगितलं की फेफडे गेले, या वेळेस नळी निघून बाई घरी चालत जाणार नाही. मशीन चालू ठेवता येते. कार्डावर पुढची मंजुरी मागता येते, ते तो मागेल. नाहीतर घरी नेता येते. जबरदस्ती कोणाचीच नाही.

जबरदस्ती असती तर बरं झालं असतं. शिव्या देता आल्या असत्या.

मी त्याले म्हटलं, "तुम्ही काडी चिरून पाहिली का?" तो पाहातच राहिला. दिन्यानं हिंदीत समजावलं. मग तो पोरगा मले आत घेऊन गेला. तुझ्या डोळ्यावर टॉर्च मारली, नख दाबलं, छातीत मुठीनं घासलं. तू हालली नाही. "कौतिकाबाई, कौतिकाबाई" म्हणून तुझ्या कानात ओरडला. मले मनात आलं, याले कोण सांगेल, हिले या नावानं कोणी हाकच मारत नाही. मी वाकलो अन् म्हटलं, "अवं." तुझी पापणी हालली का मशीनच्या हवेनं हालली, मले समजलं नाही. डॉक्टर म्हणे, "हवा है, दादाजी." मी त्याच्यावर विश्वास ठेवला. अजूनबी ठेवतो. 

बाहेर आलो तर दिन्या भिंतीले डोकं लावून उभा. म्हणे, "बाबा, मी घरी न्या म्हणणार नाही. लोक काय म्हणतील? आपल्या आपरेशनसाठी पोरानं मायची नळी काढली. तुम्हीबी म्हणू नका." आपला दिन्या, रसमड्याच्या कारखान्यात लोखंड उचलणारा. घरी न्या हे वाक्य त्याच्यानं उचललं नाही. मंग मीच बोललो. जिंदगीभर ज्यानं आग खाली जाऊ दिली नाही, त्या माणसानं सांगितलं, घरी नेतो. तू म्हटलं होतं म्हणून. दुसरं कारण माझ्यापाशी नव्हतं, अजूनबी नाही.

आता जे कोणाले सांगितलं नाही ते.

गाडीत दवाखान्याचा एक माणूस हातानं हवेचा फुगा दाबत आला. घरी तुले समोरच्या खोलीत खाटेवर ठेवलं. पुष्पा तुळशीचं पान आणायले गेली. दिन्या बाहेर लोकायच्या गाड्या बाजूले करून राहिला होता, त्याले आत यायचंच नव्हतं. त्या माणसानं विचारलं, निकालूँ? मी मुंडी हालवली. त्यानं नळी काढली. ते फुस्स, फुस्स बंद झालं.

अन् तू डोळे उघडले.

सीधं माझ्याकडं पाहिलं. मी त्या माणसाकडं पाहून ओरडलो, "हे काय?" तो म्हणे, "ऐसा होता है कभी-कभी." मी परत तुझ्याकडं पाहिलं तवा डोळे उघडेच होते, पण त्याच्यात तू नव्हती. पुष्पा पान घेऊन आली. मी ते तुझ्या तोंडात ठेवलं.

तुझ्या बापाची ती गोष्ट तू किती वेळा सांगितली होती. पाळी असलेला माणूस धुऱ्यावर, बांधावर पडून राहे, पाण्याचा आवाज ऐकत ऐकत त्याले झोप लागे. तुझा बाप मातीच्या ढेकळानं पाणी बंद करे, तसा आवाज थांबे अन् तो माणूस खडबडून जागा होई. "कोण आहे रे!" तुझा बाप पळत नसे. समोर उभा राही अन् म्हणे, "मीच आहो गा. तुझं झालं." तो माणूस पाही, अन् परत आडवा होई. तू हासत हासत सांगे. मलेबी हासू येई.

तू डोळे उघडले तवा काय विचारत होती? कोण आहे रे, एवढंच? का हिरवी होती मी, कावून बंद केलं? मी समोर होतो, पण माझं तोंड दुसरीकडं होतं. रोज सकाळी चहा घेताना मले ते डोळे दिसतात. तुझी कपबशी तशीच आहे, पुष्पा तिच्यात नातीले दूध देते.

तेरवी झाली अन् दिन्या कामावर गेला. एका दिवसी दुपारीच परत आला, पोट धरून, तोंड पांढरं. पुष्पानं धरून बसवलं. ती बिचारी रडत रडत म्हणे, "बाबा, डॉक्टरनं सांगितलं आहे, आतडं अटकलं तर जीवाले धोका आहे, तरी हे ऐकत नाहीत." दिन्या म्हणे, "त्या कार्डावर नाही करत मी. संपला विषय."

मी म्हटलं, "लोक येतात का तुझं लोखंड उचलायले?"

"लोकायचं सोडा. मलेच होत नाही."

"तुझ्या मायनं सोडलेलं पाणी आहे ते. तुझ्या बांधीच्या तोंडाशी येऊन उभं आहे. तू घेत नाहीस तर जाईल नाल्याले. मंग ती कायले गेली?"

तो उठून बसला. माझ्याकडं पाहिलं. डोळे अगदी तुझेच. म्हणे, "बाबा, खरं सांगा. माय हिरवी होती का वाळली होती?"

मी खोटं बोललो असतो, दिन्याची माय. देवाशपथ बोललो असतो. वाळली होती म्हटलं असतं, त्याचं ओझं उतरलं असतं. तोंडातून निघालं, "मले नाही समजलं."

पुष्पानं पदर तोंडाशी नेला.

"मंग कावून आणली घरी?"

"तिनं म्हटलं होतं म्हणून. जवा तिले बोलता येत होतं तवा म्हटलं होतं."

 नात रांगत दिन्याच्या पायाशी आली, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंग म्हणे, "मलेबी रोज हेच वाटते, बाबा. तुम्हाले समजलं असंल अन् तुम्ही सांगून नाही राहिले." मी म्हटलं, "मले समजलं असतं तर मी रोज चहा थंडा केला असता का?" तो थोडासा हासला. पोट धरूनच हासला. दुसऱ्या दिवसी कार्ड खिशात घालून तो स्वतःच माझ्याआधी दारात उभा.

म्हणून मी आज इथं आहो. ह्या बाकड्यावर जेवढे लोक बसले आहेत, सगळ्यायच्या खिशात तेच कार्ड आहे. माझ्या बाजूले एक म्हातारी आहे, तिचा नवरा आत आहे, मशीनवर. ती मले म्हणे, "बबा, बाँच जाही न?" वाचेल ना, म्हणून विचारते. मी काय सांगू तिले? तिच्या खाली कोण आहे, माझ्या वर कोण होतं, मले दिसत नाही. बांध्या दिसत नाहीत इथं. फक्त दार दिसते. मी तिले माझ्या डब्यातली भाकर दिली.

दिन्याले आत नेताना तो गाडीवर आडवा पडून म्हणे, "बाबा, तुमच्या वेळेस मी काय करू, तेबी आताच सांगून ठेवा."

मी म्हटलं, "पहिले तू उठ. मंग सांगतो."

"भेले का?"

"तुझा बाप कधी भेला का?"

"रोजच," तो म्हणे, अन् दार लागलं.

छोटं आपरेशन आहे म्हणतात. छोटं असो का मोठं, आत गेलेला माणूस डोळे मिटूनच आहे अन् उघडायचे का नाही ते माझ्या हातात नाही. मी आतापासून मनात म्हणून पाहून राहिलो. दिन्या, मीच आहो गा. दिन्या, झालं तुझं. नुसते ओठ हालतात. म्हातारी माझ्याकडं पाहून राहिली, हा बुडा कोणाशी बोलते म्हणून.

तुले हेच म्हणायचं होतं त्या दिवसी. अवं, मीच आहो. झालं तुझं. घर आलं. एवढंच तर होतं.

लाल दिवा विझला आता. नर्सबाई दारातून विचारून राहिली, "दिनेश के घर से कौन है? होश आ रहा है, एक जन आ जाओ." पुष्पा खालून आली नाही अजून. जातो मी.  तो डोळे उघडेल तवा मी दुसरीकडं पाहणार नाही.